मुरलेली कॉफी : आईला मराठीत सांगता न आलेला एक धडा

गेल्या एप्रिलमध्ये मी सुट्टीला घरी, कमलनगरला होते. ओट्यावर काचेची बरणी, त्यात कॉफी पावडर आणि गार पाणी, आणि शेजारी मोबाईलवर उघडून ठेवलेली कृती. आई आत आली, बरणीकडे बघून म्हणाली, "काय करायलीस गं हे? गार पाण्यात कॉफी कुणी घालतं का?"

मी मोठ्या उत्साहानं सांगायला लागले, "आई, हे कोल्ड ब्रू आहे. कोर्स ग्राइंड घ्यायचं, बारा तास स्टीप करायचं, मग कॉन्सन्ट्रेट फिल्टर करून डायल्यूट करायचं."

आईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. आता मराठीत सांग."

मला सांगता येईना. मी साहित्याची विद्यार्थिनी. या मंडळाच्या बैठकीत मराठीच्या भवितव्यावर तावातावानं बोलणारी. आणि बरणीत पावडर भिजत घालण्याइतकी साधी गोष्ट मला माझ्या आईला तिच्या भाषेत सांगता आली नाही. त्यात ती बरणी बिघडलीही, त्याचं कारण पुढे येईलच. त्यानंतर दोन महिने मी हा पदार्थही शिकले आणि त्याचे शब्दही. हा लेख म्हणजे त्या दोन्ही शिकण्यांची वही. तुमच्यापैकी बरेचजण होस्टेलवर किंवा पेइंग गेस्ट म्हणून राहतात. गॅस नाही, यंत्र नाही, पण एक बरणी आणि एक स्वच्छ फडकं सगळ्यांकडे असतं. त्यामुळे उपयोग व्हावा.

कोल्ड ब्रू म्हणजे काय, आणि काय नाही

आधी एक गोंधळ दूर करू. आपण ज्याला "कोल्ड कॉफी" म्हणतो ती म्हणजे इन्स्टंट कॉफी, दूध, साखर आणि बर्फ मिक्सरमध्ये फिरवून, वर जमलं तर आइस्क्रीम. तो एक वेगळा पदार्थ आहे, आणि छानच आहे. गरम कॉफी करून ती बर्फावर ओतली तर ती गार केलेली गरम कॉफी. कोल्ड ब्रूमध्ये मात्र कॉफी गरम पाण्याला कधीच भेटत नाही. भाजलेल्या बियांची भरड गार पाण्यात बारा-सोळा तास ठेवायची आणि गाळून घ्यायची, एवढंच.

म्हणून इन्स्टंट कॉफीचं कोल्ड ब्रू होत नाही. इन्स्टंट म्हणजे कारखान्यात आधीच काढलेला आणि वाळवलेला अर्क. तो पाण्यात विरघळून जातो, त्यात मुरण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

जपानमध्ये थेंब थेंब गार पाणी पाडून कॉफी करण्याची पद्धत जुनी आहे, क्योतो शहराचं नाव तिला चिकटलेलं आहे. अमेरिकेत १९६४ साली टॉड सिम्पसन या रसायन अभियंत्यानं घरी कोल्ड ब्रू करायचं एक भांडं बाजारात आणलं आणि स्वतःच्या नावावरून त्याला "टॉडी" म्हटलं. आमच्या भागात हा शब्द उच्चारला तर लोकांना ताडीच आठवेल, तेव्हा जपून!

आपल्याकडची जुनी रीत

आईला समजावण्यासाठी शब्द शोधत होते तेव्हा पहिली मदत आज्जीनं केली. ती म्हणाली, "वाळ्याचं पाणी कसं करतेत? तसंच की हे." खरंच. माठात वाळ्याची जुडी टाकतात, रात्रभरात वास पाण्यात उतरतो. आपण ती उकळत नाही, कारण उकळली तर तो नाजूक वासच उडून जाईल. धने-जिऱ्याचं पाणी करताना रात्री भिजत घालतात आणि सकाळी गाळतात, तेही तसंच.

मग मी जरा पुढे वाचलं. आयुर्वेदात औषधी वनस्पतींपासून कषाय काढण्याच्या पाच पद्धती सांगितल्या आहेत : स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात या पाचांचा उल्लेख आहे, आणि शार्ङ्गधरसंहितेत त्यांची मापं येतात. स्वरस म्हणजे पिळून काढलेला रस. कल्क म्हणजे वाटलेला गोळा. उरलेले तीन आपल्या कामाचे :

क्वाथ, म्हणजे आपला काढा. पाण्यात उकळून, आटवून.

फांट. गरम पाणी भरडीवर ओतायचं, थोडा वेळ झाकून ठेवायचं आणि गाळायचं.

हिम. भरड गार पाण्यात रात्रभर ठेवायची, सकाळी गाळायची. शार्ङ्गधरानं माप दिलं आहे एक भाग द्रव्याला सहा भाग पाणी.

हे वाचल्यावर मला हसूच आलं. पातेल्यात पावडर उकळून आपण करतो ती कॉफी म्हणजे क्वाथ. दक्षिणेतला पितळी फिल्टर, ज्यात वरच्या भांड्यातल्या पावडरीवर गरम पाणी ओततात आणि डिकॉक्शन खाली थेंबाथेंबानं उतरतं, तो फांटाच्या जवळचा. आणि कोल्ड ब्रू म्हणजे सरळसरळ हिम. आजकाल कोल्ड ब्रूच्या घट्ट अर्कासाठी एकास पाच ते एकास आठ असं प्रमाण सांगतात. शार्ङ्गधराचं एकास सहा बरोबर त्याच पट्ट्यात बसतं.

यावरून "आपल्या पूर्वजांना कोल्ड ब्रू माहीत होतं" असं कृपया कुणी म्हणू नका. शार्ङ्गधराच्या काळी भारतात कॉफीच नव्हती. आणि कोल्ड ब्रू हे औषधही नाही. मुद्दा एवढाच की गार पाण्यानं सत्त्व उतरवून घेण्याची कल्पना आपल्या घरांना नवी नाही, आणि म्हणून तिचे शब्दही आपल्याकडे तयार असणार.

राज्य कॉफीचं, गाव चहाचं

भारतात पिकणाऱ्या कॉफीपैकी साधारण ७० टक्के एकट्या कर्नाटकात पिकते. कोडगू, चिकमगळूर आणि हासन या तीन जिल्ह्यांत. बाबा बुदन या सूफी संतांनी सतराव्या शतकात हजहून परतताना येमेनमधून कॉफीच्या सात बिया आणून चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरेनं चालत आलेली कथा आहे. तो डोंगर आजही त्यांच्याच नावानं ओळखला जातो. कॉफी बोर्ड १९४२ च्या कायद्यानं अस्तित्वात आलं आणि त्याचं मुख्यालय बंगळूरला आहे. बाळेहोन्नूरची कॉफी संशोधन संस्थाही चिकमगळूर जिल्ह्यातलीच.

पण कर्नाटक म्हणजे फक्त मलनाड नाही. आमचं कमलनगर बीदर जिल्ह्याच्या अगदी टोकाला, उदगीर हाकेच्या अंतरावर. १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात, १९५६ पासून म्हैसूर राज्यात, आणि १९७३ मध्ये त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. दुकानाच्या पाट्या कन्नडमध्ये, बोलणं मराठीत, कन्नडमध्ये आणि दखनीत. आणि पिणं? चहा. स्टेशनजवळ उभं राहा, चहाशिवाय दुसरं काही मागायचं कुणाला सुचत नाही. आपल्याच राज्यातली कॉफी रस्त्यानं सहाशे किलोमीटरहून जास्त लांब आहे.

मराठी घरात कॉफीची एक ठरलेली जागा आहे : पाहुणे आले, कुणी आजारी पडलं, किंवा कोजागरीसारखं जागरण असलं की भरपूर दूध, साखर आणि जायफळ घातलेली कॉफी. खास पाहुणीच ती. महाराष्ट्रात तिची लागवडसुद्धा एकाच ठिकाणी सांगतात, अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याला. म्हणून आपल्या स्वयंपाकघरात चहाचे शब्द चिक्कार आहेत (आधण, कडक, गोळी चहा, भुकटी, उकळी), आणि कॉफीचे जवळपास नाहीत. माझी पंचाईत तिथूनच सुरू झाली होती.

पहिली बरणी का बिघडली

पहिल्या वेळी मी बाजारात मिळाली ती फिल्टर कॉफीची पावडर घातली. सोळा तासांनी बघते तर बरणीत चिखल. फडक्यातून पाणी उतरेना. जे उतरलं ते गढूळ, गोडसर आणि मागाहून कडू. सगळं मोरीत गेलं. आई काही बोलली नाही, पण पावडरच्या पुड्याकडे तिनं एकदा पाहिलं. पैसे तिचे होते.

नंतर मी तो पुडा नीट वाचला. त्यावर लिहिलं होतं : कॉफी ५३ टक्के, चिकोरी ४७ टक्के. चिकोरी म्हणजे एका वनस्पतीचं भाजलेलं मूळ, कॉफी नव्हेच. अन्नसुरक्षेच्या नियमानुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते आणि प्रमाण पुड्यावर छापावं लागतं. म्हणजे दुकानदारानं फसवलेलं नव्हतं, मीच वाचलं नव्हतं. चिकोरी वाईट नाही. दुधाच्या गरम कॉफीला ती दाटपणा आणि रंग देते. पण ती पाण्यात फार भराभर उतरते, त्यामुळे सोळा तासांत चिकोरीचाच काढा होतो. शिवाय फिल्टरची पावडर बारीक असते. बारीक पावडर फडक्याची भोकं बुजवते.

तेव्हा पावडर घेताना तीन गोष्टी बघायच्या :

१. पुड्यावर "१०० टक्के कॉफी" लिहिलेलं हवं, चिकोरी शून्य.

२. दळण भरड हवं. साधारण इडली रव्याएवढं. बारीक रव्याएवढं नाही आणि पिठासारखं तर अजिबात नाही. अख्ख्या बिया मिळाल्या तर मिक्सरमध्ये थांबून थांबून दोन-तीन झटके द्यायचे, सलग फिरवायचं नाही. मग पिठाच्या चाळणीनं चाळून खाली पडलेली भुकटी बाजूला काढायची. ती दुधाच्या कॉफीला वापरता येते. खलबत्ताही चालतो, फक्त त्याला लसणाचा वास नको.

३. अरेबिका की रोबस्टा ते विचारायचं. अरेबिकाची चव मऊ आणि थोडी आंबूस-गोड. रोबस्टा कडक आणि मातकट, आणि तिच्यात कॅफीन जवळपास दुप्पट : अरेबिकात साधारण १.२ टक्के, रोबस्टात २.२ टक्के. भारतात रोबस्टाच जास्त पिकते आणि ती स्वस्तही असते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आमच्या गावात भरड कॉफी मिळाली नाही. मामा बंगळूरहून आला तेव्हा बिया घेऊन आला.

कृती

साहित्य : भरड कॉफी १०० ग्रॅम, पिण्याचं गार पाणी ८०० मिलिलिटर, झाकणाची एक लिटरपेक्षा मोठी काचेची बरणी, चहाची गाळणी, सुती फडकं.

बरणी गरम पाण्यानं आणि साबणानं धुवून उन्हात वाळवा. लोणच्याची बरणी असेल तर झाकणाचा वास घेऊन बघा. कॉफी दुसऱ्याचा वास लगेच उचलते.

भरड बरणीत घाला, निम्मं पाणी ओता आणि लाकडी चमच्यानं हलक्या हातानं ढवळा. कोरडी भरड वर तरंगते, ती सगळी भिजली पाहिजे. पाच मिनिटांनी उरलेलं पाणी घाला. झाकण लावा आणि फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीजमध्ये १६ ते १८ तास. बाहेर, म्हणजे थंडीच्या दिवसांत २०-२२ अंशांच्या खोलीत, १२ तास पुरतात. मधे मधे हलवायची गरज नाही.

मग आधी चहाच्या गाळणीनं जाड चोथा काढा. त्यानंतर फडकं ओलं करून, दुहेरी घडी घालून पातेल्यावर बांधा आणि ओता. चक्का टांगतो तसं निथळू द्या. आणि हे महत्त्वाचं : पिळू नका. पिळलं की बारीक गाळ आणि कडवटपणा दोन्ही खाली येतात. मी घाईत एकदा पिळलं, आणि पुढचे चार दिवस तोंड वाकडं करत प्यायले.

८०० मिलिलिटर पाणी घातलं तरी हातात साधारण ६०० मिलिलिटरच अर्क येतो. भरड स्वतःच्या वजनाच्या जवळपास दुप्पट पाणी धरून ठेवते. कमी आलं म्हणून घाबरू नका.

प्यायच्या वेळी ७५ मिलिलिटर अर्क, त्यात १२५ मिलिलिटर पाणी किंवा गार दूध, आणि बर्फ. १०० ग्रॅम कॉफीत असे आठ ग्लास होतात. तुमच्या गावच्या भावानं ग्लासाचा हिशोब करा आणि मग कॅफेतलं बिल आठवा.

साखर गार पाण्यात नीट विरघळत नाही, खाली बसते. तेव्हा आधी वाटीभर पाक करून ठेवा. आमच्याकडे उसाचा भाग, म्हणून आई गुळाचा पाक करते. गार दुधात गूळ घातला तर उकळत्या दुधासारखं ते फाटण्याची भीती कमी असते. चिमूटभर जायफळ घातलं की आज्जीलाही ती कॉफी ओळखीची वाटते.

चोथा टाकू नका. वाळवून थोडा थोडा कुंडीच्या मातीत किंवा खताच्या खड्ड्यात घाला.

गार पाण्यात नेमकं काय होतं

भाजलेल्या बीमध्ये अनेक पदार्थ असतात : आम्लं, साखरेची रूपं, कॅफीन, तेलं, कडवट संयुगं आणि वासाचे उडून जाणारे घटक. पाणी हे सगळे सारख्या वेगानं ओढून घेत नाही. गरम पाणी घाई करतं आणि काही मिनिटांत जवळपास सगळ्यांना बाहेर काढतं. गार पाणी सावकाश काम करतं. सहज विरघळणारे आधी येतात, आणि काही आम्लं व कडवट घटक मागेच राहतात. म्हणून चव मऊ लागते.

"कोल्ड ब्रूमध्ये आम्ल नसतं, ॲसिडिटीवाल्यांनी बिनधास्त प्यावं" असं सर्रास सांगितलं जातं. हे तपासून बघितलं गेलं आहे. निनी राव आणि मेगन फुलर या दोन संशोधकांनी २०१८ साली "सायंटिफिक रिपोर्ट्स" या नियतकालिकात आपला अभ्यास छापला. त्यात गरम आणि गार, दोन्ही कॉफींचा पीएच ४.८५ ते ५.१३ च्या दरम्यानच निघाला, म्हणजे जवळजवळ सारखा. फरक इतकाच की गरम कॉफीत आम्लांचं एकूण प्रमाण जास्त होतं. जिभेला मऊ लागतं ते खरं, पण त्यावरून पोटाला औषध समजू नये.

कॅफीनचीही एक गैरसमजूत आहे : गार पाण्यात ते कमी उतरतं. खोलीच्या तापमानाला एक लिटर पाण्यात सुमारे २० ग्रॅम कॅफीन विरघळू शकतं. आपल्या १०० ग्रॅम अरेबिकात सगळं मिळून कॅफीन असतं १.२ ग्रॅम. म्हणजे पाण्याला जागेची मुळीच कमतरता नाही, फक्त वेळ द्यावा लागतो. आणि वेळ तर आपण पोटभर देतोय.

माझी दुसरी चूक, आणि साधा हिशोब

ही चूक सांगताना लाज वाटते, पण सांगायलाच हवी, कारण तुमच्यातले निम्मे परीक्षेच्या रात्रीसाठीच हा लेख वाचत असणार.

सेमिस्टरच्या पेपरच्या आदल्या रात्री मी रोबस्टाचा अर्क काढला आणि पाणी न घालता मोठा ग्लास, २०० मिलिलिटर, पिऊन टाकला. चव इतकी मऊ की कडक आहे हे कळलंच नाही. अकराच्या सुमारास छाती धडधडायला लागली. एक वाजता हात थरथरत होते. पुस्तकातली एकच ओळ पाच वेळा वाचली. चारला जरा डोळा लागला, आणि पेपरात अक्षर असं आलं की ते माझं मलाच वाचवेना.

आता हिशोब बघा. १०० ग्रॅम रोबस्टात २.२ ग्रॅम, म्हणजे २२०० मिलिग्रॅम कॅफीन. ते सगळं ८०० मिलिलिटर पाण्यात उतरलं असं धरलं, तर दर १०० मिलिलिटरला २७५ मिलिग्रॅम. माझ्या २०० मिलिलिटरच्या ग्लासात जास्तीत जास्त ५५० मिलिग्रॅम. निरोगी मोठ्या माणसाला दिवसभरात ४०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं असं युरोप-अमेरिकेतल्या अन्नसुरक्षा संस्था मानतात, आणि गरोदर स्त्रीसाठी युरोपातली मर्यादा २०० आहे. मी दिवसभराच्या मर्यादेहून जास्त एका घोटात घेतलं होतं.

हाच हिशोब ७५ मिलिलिटर अर्काच्या ग्लासाला लावला तर अरेबिकाचे जास्तीत जास्त ११० मिलिग्रॅमच्या आसपास, रोबस्टाचे २०० हून थोडे जास्त. म्हणजे अरेबिकाचे दिवसाला तीन ग्लास ही अगदी शेवटची रेघ, आणि रोबस्टाचे दोन ग्लासच रेघ ओलांडतात. प्रत्यक्षात सगळं कॅफीन उतरत नाही, पण हिशोब वरच्या बाजूनं केलेला बरा. घरात कुणाला रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि अर्काच्या बाटलीवर चिठ्ठी चिकटवा : "पाणी घालूनच प्यावे." आमच्या फ्रीजवर ती अजून आहे.

ऊन, वीज आणि बोअरचं पाणी

इंग्रजी कृतींमध्ये "खोलीच्या तापमानाला ठेवा" असं लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्याची खोली २० अंशांची असते. मे महिन्यात आमच्या पत्र्याखालच्या स्वयंपाकघरात रात्रीसुद्धा ३० च्या खाली येत नाही. हा फरक नुसता चवीचा नाही.

गरम कॉफीत उकळत्या पाण्यानं बरेचसे जंतू मरतात. कोल्ड ब्रूमध्ये ती पायरीच नाही. आणि कॉफीचा पीएच ५ च्या आसपास, म्हणजे ४.६ च्या वर. अन्नशास्त्रात ४.६ ही महत्त्वाची रेघ आहे. तिच्या वरचे पातळ पदार्थ हवाबंद करून उबेत ठेवले तर बोटुलिझमसारख्या धोकादायक विषबाधेचे जंतू वाढू शकतात. लोणचं आंबट आणि खारट असल्यानं टिकतं, कॉफीला ते कवच नाही. म्हणून :

पाणी उकळून गार केलेलं किंवा शुद्ध केलेलंच घ्या. उन्हाळ्यात फ्रीजमध्येच मुरवा. गाळलेला अर्क फ्रीजमध्ये ठेवून चार-पाच दिवसांत संपवा, दूध घातलं तर त्याच दिवशी. वीज बराच वेळ गेली आणि अर्क कोमट झाला, तर जीव धरून बसू नका, ओतून द्या. वास किंवा चव बदलली तर तेच. फ्रीज नसेल तर ही कॉफी थंडीत करा, छोट्या भांड्यात एका रात्रीपुरती, आणि सकाळीच संपवा. उन्हाळ्यात फ्रीजशिवाय करू नका. त्यासाठी आपलं ताक आणि पन्हं आहेच.

पाण्याबद्दल एक. बोअरचं जड पाणी असेल, म्हणजे पातेल्याला पांढरा थर धरत असेल, तर त्यातले क्षार कॉफीतल्या आम्लांना मारतात आणि चव सपाट लागते. दोन वाट्यांचा प्रयोग करा : एकीत बोअरचं, दुसरीत फिल्टरचं पाणी, दोन्हींत एकेक मोठा चमचा भरड, रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी फरक आपोआप कळेल.

आणि एक सूचना आज्जीकडून. रविवारी सकाळी कॉफी तयार असते आणि मिस्साला निघायची घाई असते. कम्युनियनच्या आधी तासभर पाणी आणि औषध चालतं, कॉफी नाही, मग ती गरम असो की गार. "ती बरणी काय पळून जात नाही," आज्जी म्हणते. रात्रभर थांबलेली कॉफी आणखी दोन तास सहज थांबते.

शेवटी, शब्द

जूनमध्ये कॉलेजला परतायच्या आधी मी आईला पुन्हा सांगितलं. या वेळी मोबाईल बंद ठेवून :

"आई, बिया भरड दळायच्या. गार पाण्यात भिजत घालायच्या. रात्रभर मुरू द्यायच्या. सकाळी वस्त्रगाळ करून निथळू द्यायचं, पिळायचं नाही. अर्क बाटलीत, चोथा कुंडीत. पिताना पाणी घालून पातळ करायचं."

आई म्हणाली, "एवढंच होतं व्हय? मग त्या दिवशी का नाही सांगितलंस?"

याचं उत्तर माझ्याकडे आहे, आणि ते फारसं सुखाचं नाही. यातला एकही शब्द मी शब्दकोशातून आणलेला नाही. भरड, भिजत घालणे, मुरणे, निथळणे, चोथा हे सगळे आमच्याच ओट्यावर रोज वापरले जाणारे. ते मला येत होते. पण नवी वस्तू इंग्रजीतून आली की तिचे शब्दही इंग्रजीच असणार असं मी न विचारता धरून चालले होते. "स्टीप" आणि "मुरणे" यांत मला दुसरा शब्दच जास्त नेमका वाटतो. लोणचं मुरतं, बासुंदी मुरते, पाऊस जमिनीत मुरतो, आणि एखादा माणूसही आपल्या कामात मुरलेला असतो. वेळ देऊन, आतून, हळूहळू. गार पाण्यातल्या कॉफीचं नेमकं हेच होतं.

"कोल्ड ब्रू" हा शब्द हद्दपार करा असं मी म्हणत नाही. "कॉफी" हा शब्द तरी कुठे आपला आहे? अरबी "कहवा" तुर्की आणि डच तोंडातून फिरत इंग्रजीत आला आणि तिथून आपल्याकडे. दुकानात जाऊन कोल्ड ब्रूच मागा. पण घरी आई "काय करायलीस" म्हणाली, तर तिला कळेल असं सांगता आलं पाहिजे. त्याशिवाय तीही करून बघणार नाही, आणि आपल्या चुका कुठे होतायत ते तिला दाखवताही येणार नाही. पहिल्या बरणीच्या वेळी मी "कोर्स ग्राइंड" ऐवजी "भरड" म्हटलं असतं, तर तिनं पुड्यात बोट घालून तिथल्या तिथे सांगितलं असतं, "अगं, हे तर पीठ आहे." शंभर ग्रॅम कॉफी वाचली असती.

आता आमच्याकडे आठवड्याला एक बरणी लागते. ती आई लावते. मी फोनवर विचारते, "मुरली का?"